उदासीन अणूंची ओढ

मोरेलिया, मेक्सिको,
१७ फेब्रुवारी २०१३

प्रिय बाल्ता,

तू बरा असशील आणि तिकडची थंडी उतरणीला लागली असेल असं धरून लिहिते. मी दर आठवड्याला गावी जाऊन येते. आम्ही तिघीही ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण ती तसं म्हणत नाही. बाजारातून येताना चर्चच्या पायरीवर बसते आणि मला सांगते, ऊन खात होते. जोविताच्या गिरणीची मोटर बदलली. आता मका बारीक दळला जातो असं बायका म्हणतात. त्यातल्या दोघी मात्र म्हणतात, जुन्या मोटरीचा दळलेला जास्त गोड लागायचा. जोविता त्यांना म्हणते, मग जुनी मोटर घरी न्या आणि पाट्याशेजारी ठेवा.

फोन सोडून हिने कागद का घेतला, असं तुला वाटेल. फोनवर तू "बाकी ठीक ना?" विचारतोस, मी "ठीक" म्हणते, आणि पुढे दोघांनाही काही सुचत नाही. कागदावर वाक्य पुरं तरी करता येतं. तुझ्या सफरचंदाच्या मळ्यावरचा पत्ता आईच्या डब्यातून घेतला. तोच आहे ना अजून?

पहिली बातमी. जानेवारीच्या गावसभेत सान रोके संताचा भार आपल्या घराला दिला. ऑगस्टमधल्या सणाला मूर्ती आपल्याकडे येईल आणि वर्षभर राहील. बाबा गेल्यानंतर आपलं घर यादीतून गळलं असं मी धरून चालले होते. पण भाराची यादी ठेवणारे वडीलधारे ताता एलिसेओ उभे राहिले आणि म्हणाले, "कुइरिसांच्या घरात सून आहे, गिरणी आहे, मुलगा उत्तरेत, अमेरिकेत आहे पण मेलेला नाही. त्यांची पाळी का चुकवायची?" आईने तिथेच मान हलवली. त्या सुनेला, जोविताला, कुणी विचारलं नाही. पण घरी आल्यावर ती दिवसभर गुणगुणत होती, म्हणजे तिला आवडलं असावं.

दुसरी बातमी माझी. आमच्या संस्थेला मोठ्या संगणकावर जो वेळ मिळतो, त्यातला बराचसा यंदा माझ्या कामाला दिला आहे. तू दर वेळी विचारतोस की मी नक्की करते काय, आणि मी दर वेळी "आकडेमोड" सांगून सुटते. आज नीट सांगते. ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायू असतो, फार विरळ. त्यातल्या थोड्या कणांवर विद्युतभार असतो. ते चुंबकीय रेषांना धरून राहतात, रेषा हलली की हलतात. बाकीचे, म्हणजे बहुतेक सगळे, उदासीन अणू. त्यांच्यावर भार नाही, त्यांना रेषा जाणवतही नाहीत. या वायूत सतत खळबळ चालू असते. मोठ्या भोवऱ्यातून लहान भोवरे, लहानातून आणखी लहान. माझा प्रश्न एवढाच, की हे उदासीन अणू मध्ये असताना ती खळबळ किती लहान आकारापर्यंत टिकते, आणि कुठे विझते. नवे तारे कुठे आणि कसे जमतात, हे काही अंशी त्यावर ठरतं. ते जाऊ दे.

याच कामामुळे मला जर्मनीतून दोन वर्षांसाठी बोलावणं आलं आहे. ऑक्टोबरपासून. आईला अजून सांगितलेलं नाही.

डिसेंबरात तू फोनवर जे बोललास, ते मी कुणाजवळही बोललेले नाही. "तू बाजू घेऊ नकोस रुती, फक्त सध्या गप्प राहा," असं तू म्हणालास. मी बाजू घेत नाही. तसं राहणं मला अवघड जात नाही, तुला माहीत आहे.

पाठीला तेल लाव. वाकून उचलू नकोस.

तुझी बहीण,
रुतिलिया


गावाहून,
९ जून २०१३

प्रिय बाल्ता,

तुझं उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे पत्ता बरोबर आहे.

आई ठीक आहे. ठीकपेक्षा जास्त आहे, आणि त्याला कारण तू आहेस. मे महिन्यात तू तिला फोन करून "सान रोकेला येतो" म्हणालास. त्या दिवसापासून ती पायरीवर बसत नाही. समोरची खोली चुन्याने रंगवून घेतली. ज्याला त्याला सांगते, माझा बाल्ता मूर्ती घ्यायला येतोय, सात वर्षांनी. ताता एलिसेओंनी यादीत तुझं आणि जोविताचं नाव जोडीने लिहिलं. एक बैल ठरवला आहे. बँड ठरला आहे, खालच्या गल्लीतला, ज्याचा तुतारीवाला तुझ्या लग्नात झोपला होता तो.

आता मी तुला एक साधा प्रश्न विचारते, रागाने नाही. तू कसा येणार आहेस? तुझ्याकडे कागदपत्रं नाहीत. एकदा इकडे आलास की परत जाणं तुझ्या हातात नाही. आणि तिकडे मारिसोल आहे, आणि तुमची मुलगी आहे, जिच्याबद्दल तू मला डिसेंबरात सांगितलंस. त्यांना सोडून येणार? की घेऊन येणार? दोन्ही होणार नाही असं मला दिसतं. म्हणजे तू येणार नाहीस, आणि "येतो" हा शब्द तू आईला बरं वाटावं म्हणून उच्चारलास. तिला बरं वाटलंही.

मी हे फक्त मांडते आहे. सल्ला देत नाही.

माझं काम सुरू झालं. पहिले निकाल अपेक्षेप्रमाणे आले. शनिवार-रविवार मी इकडे येते आणि गिरणीच्या बाकावर संगणक उघडून बसते, कारण घरात तिथेच उजेड चांगला आहे. काल बायका गेल्यावर जोविता हात पुसत माझ्या शेजारी येऊन बसली. पडद्यावर निळ्या-पिवळ्या वळणांचं चित्र होतं.

"हे काय गं? पोटातला फोटो?"

"ताऱ्यांच्या मधली जागा."

"म्हणजे रिकामी."

"रिकामी नाही. विरळ."

"विरळ म्हणजे रिकामीच, फक्त शिकलेल्या माणसाची," ती म्हणाली, आणि हसली. मग म्हणाली, "सांग नीट. मला वेळ आहे आता."

मी तिला चौकातल्या नाचाचं उदाहरण दिलं. नाचणारे एका लांब फितीला धरून असतात, फीत लहरली की तेही लहरतात. पण चौकात बघेच जास्त, आणि त्यांच्या हातात फीत नाही. नाचणाऱ्यांना गर्दीतूनच जायचं असतं. मोठी, संथ फेरी असली तर बघेही धक्क्याबरोबर सरकतात, सगळा चौक एकत्र हलतो. फेऱ्या लहान आणि जलद झाल्या की बघ्यांना जमत नाही. ते मागे राहतात, नाचणारे त्यांच्यावर आदळतात, घासतात, दमतात. सगळ्यांना उकडतं आणि नाच संपतो.

"म्हणजे बघे नाचाची वाट लावतात."

"त्यांचा तसा हेतू नसतो. ते नुसते उभे असतात."

"हेतू कोण विचारतंय? नाच थांबला ना?"

मी म्हटलं, हो, थांबतो. आत्तापर्यंतच्या निकालांवरून तरी थांबतो.

मग ती तुझ्यासाठी सदरा शिवते आहे तो घेऊन आली. पांढरा, गळ्याशी लाल-निळी वीण. कापड माझ्यासमोर धरून म्हणाली, "सात वर्षांत खांदे भरले असतील ना त्याचे? पेट्या उचलून? तुझं काय मत?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"फोनवर काही बोलला असेल ना. जाड झालो, बारीक झालो."

"नाही बोलला."

हे दोन्ही खरं आहे. तू खांद्यांबद्दल कधी बोललेला नाहीस.

संध्याकाळी ताता एलिसेओ आले. त्यांना पक्कं हवं होतं. म्हणाले, "दारात मूर्ती आणून मी हात पुढे केले आणि समोर घेणारा नसला तर? तसं एकदाच झालंय, माझ्या आजोबांच्या वेळी. मूर्ती दारावरून पुढे गेली. ते घर अजून लोक तेवढ्यासाठीच ओळखतात." आई म्हणाली, "माझा मुलगा येतो म्हणालाय." जोविता म्हणाली, "आणि ही त्याची बहीण आहे. हिला विचारा." सगळे माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "मला जेवढं माहीत आहे तेवढंच तुम्हाला."

एलिसेओ जाताना दारात थांबले. "कशावर काम करतेस तू? बिनभाराचे अणू?" मी हो म्हटलं. "बरोबर माणूस मिळालंय त्यांना," ते म्हणाले, आणि टोपी घालून गेले. त्यांचा थट्टेचा स्वभाव आहे, मी मनावर घेतलं नाही.

बाल्ता, आईला किंवा जोविताला, दोघींपैकी एकीला, तू स्वतः फोन कर. काय सांगायचं ते तू ठरव. सणाआधी कर. एवढंच.

तुझी बहीण,
रुतिलिया


गावाहून,
२५ ऑगस्ट २०१३

बाल्ता,

सगळे खुशाल आहेत. सण पार पडला. पाऊस दुपारनंतर आला, जेवणं तोपर्यंत उरकली होती. मांसाचा रस्सा पुरला, पानात उकडलेल्या मक्याच्या कोरुंदा उरल्या, त्या दुसऱ्या दिवशी शेकून खाल्ल्या. बँडचा तुतारीवाला या वेळी जागा होता.

माझ्या कामात एक वेगळी गोष्ट घडली, ती आधी लिहिते. भोवरे एका आकारापर्यंत नीट उतरतात. मग उदासीन अणू मागे पडतात, घर्षण वाढतं, हालचालीची ऊब होते आणि खळबळ विझते. इथवर ठरल्याप्रमाणे. मी आलेख तिथेच कापायची, कारण पुढे काही नसणार हे मला ठाऊक होतं. जुलैत एकदा कापायचं राहिलं. आणखी लहान आकारात भारित कण इतक्या जलद हलतात की उदासीन अणूंशी त्यांची गाठ पडेपर्यंत लहर पुढे निघून गेलेली असते. त्यांच्या लेखी ते अणू जणू नसतातच. आणि तिथे खळबळ पुन्हा दिसते. क्षीण, पण स्पष्ट. काही लोकांनी हे कागदावर मांडलं होतं, मी मानत नव्हते.

आमचे प्रमुख डॉक्टर विल्फ्रिदो आलेख बघून म्हणाले, "आधी चूक शोध, आनंद नंतर." मी शोधली. जाळी बारीक केली, सुरुवातीच्या अटी बदलल्या, घर्षणाचा आकडा वर-खाली करून पाहिला. ती लहर गेली नाही. मग ते म्हणाले, "आता चहा घे." आमच्याकडे आनंद एवढाच असतो.

तर आता सण.

तू फोन केला नाहीस. जुलैच्या शेवटी मी इकडे आले तेव्हा कळलं की वरच्या गल्लीतल्या मोरालेसांच्या घरातून दोघं नवरा-बायको जोविताकडे येऊन गेले होते. त्यांनी स्वतःहून सुचवलं होतं की यंदाचा भार दोन्ही घरांनी मिळून घ्यावा. मूर्ती त्यांच्या दारात उतरेल, जोविता सेवेत असेल, आणि तुला यायला जमलं नाही तरी कुणी बोट दाखवणार नाही. भली माणसं आहेत. जोविताने त्यांना कॉफी दिली आणि नाही म्हटलं. म्हणाली, "कशाला? बाल्ता येतोय." त्यांनी मग दुसऱ्या एका घराला, त्याच्या सणाच्या भारासाठी, शब्द दिला.

हे तिने मला सहज सांगितलं, कणसांची पानं निवडत. मी ऐकलं. मला तेव्हा समजलं की मी काही न बोलल्यामुळे तिची एक वाट बंद झाली आहे. तू बंद केली नव्हतीस ती. तू दूर होतास. मी समोर बसले होते.

मी तिला सांगितलं. तिथेच, गिरणीत, सकाळी. तू मला वेळ मागितला होतास, मी दिला होता, आणि तो संपला असं मी ठरवलं. तुला न विचारता ठरवलं, हे तू म्हणू शकतोस.

फार वाक्यं लागली नाहीत. तो येणार नाही. तिकडे त्याचं घर आहे. बाई आहे, मारिसोल नावाची. मुलगी आहे.

जोविताच्या हातात भिजवलेल्या मक्याची बादली होती. ती तिने खाली ठेवली नाही. विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"डिसेंबरपासून."

"मुलगी केवढी?"

"वर्षाची होईल."

"बरं," ती म्हणाली. "हा मका आधी दळते. नाहीतर आंबेल."

तिने मोटर चालू केली आणि सगळी बादली दळली. तेवढ्यात दोन बायका आल्या, त्यांचंही दळलं, सुटे परत दिले, एकीच्या मुलीची चौकशी केली. मी बाकावर बसून होते. त्या गेल्यावर तिने मोटर बंद केली, हात धुतले आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तू दर शनिवारी माझ्या हातचं जेवलीस."

"मी कुणाचीच बाजू घेत नव्हते, जोविता."

"तुला वाटतं तू मध्ये उभी होतीस. मला विचारशील तर तू दारात उभी होतीस. मला बाहेरचं दिसत नव्हतं."

ती रडली का, असं तू मनात विचारत असशील. माझ्यासमोर नाही. आतल्या खोलीत गेली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. आईने दारावर थाप मारली तेव्हा आतून म्हणाली, "डोकं दुखतंय." आई माझ्याकडे बघत राहिली, आणि मग मला आईलाही सांगावं लागलं. आई खुर्चीवर बसली. बराच वेळ ती शालीच्या गोंड्यांना गाठी मारत आणि सोडवत होती. मग म्हणाली, "बैलाचं काय करायचं?" मला वाटलं, तिला समजलं नाही. तिला सगळं समजलं होतं. तिने फक्त जे आपल्या हातात आहे तिथून सुरुवात केली.

दुपारी जोविता केस विंचरून, नवी शाल घेऊन बाहेर आली. मला म्हणाली, "चल."

"कुठे?"

"एलिसेओकडे. आणि तिथे 'मला माहीत नाही' म्हणालीस तर परत या घरात जेवायला बसू नकोस."

ताता एलिसेओ अंगणात खुर्ची विणत होते. जोविताने उभ्या उभ्याच सांगितलं. "नवरा येणार नाही. त्याचं नाव काढा. भार मी घेते."

त्यांनी दोरी खाली ठेवली. "बाई एकटी घेत नाही, पोरी. मी अडवत नाही, पण रीत आहे. दोघं लागतात. एकाने मूर्ती धरायची, दुसऱ्याने दार."

"एकटी कुठे? ही आहे ना."

"ही तर त्याची बहीण."

"म्हणूनच. त्याच्या घरचं कुणीतरी नको का?"

एलिसेओंनी माझ्याकडे बघितलं. थट्टा नव्हती या वेळी. "रुतिलिया, तू मोरेलियात असतेस. रोज फुलं बदलायची असतात. दिवा विझू द्यायचा नसतो. कुणीही दार वाजवलं तर त्याला बसवून काहीतरी खायला द्यायचं. हे वर्षभर. तुमचे तारे कुणी न बघता आपले आपण चालतात, हे चालत नाही."

"येईन मी. रोज नाही जमणार, पण आठवड्यातले निम्मे दिवस इथे राहीन. काम इथूनही होतं."

"आणि गाव विचारेल, बाल्ता कुठे आहे?"

जोविता माझ्याकडे बघतही नव्हती, अंगणातल्या कोंबडीकडे बघत होती. मला उमजलं की हे उत्तर तिने माझ्यासाठी ठेवलं आहे.

मी म्हटलं, "माझ्या भावाने तिकडे दुसरं घर केलं आहे. तो येणार नाही. आणि हे मला डिसेंबरपासून माहीत होतं. जूनमध्ये मी तुम्हाला खोटं सांगितलं."

एलिसेओंनी आत वळून बायकोला हाक मारली, "दोन खुर्च्या आण गं, या उभ्या आहेत केव्हाच्या." एवढ्यावर ते ठरलं. यादीत आता जोविताचं नाव पहिलं आहे, माझं दुसरं.

सोळा तारखेला दुपारी मूर्ती आली. सान रोकेच्या पायाशी जो लाकडी कुत्रा आहे, त्याचा कान कुणाच्या तरी हातून मोडला होता, तो चिकटवून आणला होता. दारात जोविता उभी राहिली. मी दार धरलं. चौकात कुजबुज झाली, ती मला ऐकू आली आणि तिलाही आली असणार. तिने हात पुढे केले. मूर्ती जड असते, तुला माहीत आहे. बाबांनाही ती घेताना पाय रोवावा लागला होता. जोविता क्षणभर मागे झुकली. मी दार सोडून तिच्या पाठीला हात लावायला गेले, तर ती दातांतून म्हणाली, "दार धर." मी दार धरलं. ती सरळ झाली आणि मूर्ती आत घेऊन गेली. मग बँड वाजायला लागला.

तुझा सदरा बँडमधल्या एका मुलाला दिला. त्याचा रश्शाने भिजला होता. खांद्यात त्याला बरोबर बसला.

जर्मनीचं जाणं एक वर्ष पुढे ढकलता येईल का, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी नम्रपणे कळवलं की तसं करता येत नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल. मला याबद्दल सहानुभूती नको आहे. कामाचा निकाल माझाच आहे, तो इथूनही लिहून होईल. गिरणीतला उजेड चांगला आहे. मूर्तीसमोरचा आणखी चांगला, पण तिथे संगणक उघडला तर आई ओरडते.

गावात लोक दोन्ही तऱ्हेने बोलतात. काही म्हणतात, नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या घरी सान रोके कसा राहील. तेच संध्याकाळी मक्याचं गरम अटोले प्यायला येतात आणि दुसरा पेला मागतात. जोविता देते. माझ्याशी ती कामापुरतं बोलत होती, आठवडाभर. परवा फुलं बदलताना म्हणाली, "तुझ्या त्या चित्रात नाच थांबतो म्हणाली होतीस." मी म्हटलं, थांबतो, पण त्याच्या खाली पुन्हा सुरू होतो असं आता दिसतंय. "का?" मी कारण सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आधी चुकीचं सांगितलंस." मी म्हटलं, हो. "ती जुनी फुलं उचल," ती म्हणाली.

आईने एक विचारायला सांगितलं आहे. मुलीचं नाव काय ठेवलंत? तिने हे मला स्वयंपाकघरात हळू आवाजात विचारलं, जोविता ऐकणार नाही अशा बेताने. या घरात आता तसं काही करायचं नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून मी जोविताकडे गेले आणि सांगितलं, आई नाव विचारते आहे, लिहू का? ती दिव्यात तेल घालत होती. ते पुरं करून म्हणाली, "लिही. तिने काय केलंय? आणि फोटो असेल तर पाठवायला सांग, आई मागायची नाही."

हे पत्र पाकिटात घालण्याआधी मी त्या दोघींना मोठ्याने वाचून दाखवलं. आधीच्या दोन पत्रांत काय होतं, तेही सांगितलं. आई मध्येच उठून गेली आणि परत येऊन बसली. जोविताने शेवटपर्यंत ऐकलं. तिने एकच वाक्य खोडायला लावलं. ते मी तिच्या वतीने तुला लिहिलं होतं. ती म्हणाली, माझ्या वतीने कुणी काही म्हणायचं नाही, मला म्हणायचं असेल तेव्हा मी म्हणेन. म्हणून वर एक ओळ पूर्ण काळी केली आहे. उजेडासमोर धरून बघू नकोस.

जोविता कुइरिस यांच्या घरातून,
दार धरणारी,
रुतिलिया